शुक्रजंतूंची चाल

आपल्या आदिलाबाद भागातील खेड्यांत सकाळच्या वेळी मोटारसायकलवरून येणारा गोपालमित्र पुष्कळांनी पाहिला असेल. गाय माजावर आल्याचा निरोप मिळाला की तो येतो. गाडीला बांधलेल्या पात्रात द्रवरूप नत्र असतो. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सियस. झाकण उघडताच पांढरी वाफ उसळते, तीतून तो एक बारीक कांडी बाहेर काढतो, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि गाय भरवतो. त्या कांडीत वळूचे गोठवलेले रेत असते. मोजमाप पाव मिलिलिटरच, पण त्यात सुमारे दोन कोटी शुक्रजंतू असतात. गोठवून पुन्हा वितळवल्यावर त्यांतील निदान निम्मे तरी पोहताना दिसले पाहिजेत, असा आपल्या देशातील दंडक आहे. शेजारच्या करीमनगरला वळूंचे रेत गोठवून ठेवणारे सरकारी केंद्र आहे. अशा केंद्रात प्रत्येक वळूचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज कांड्या भरल्या जात नाहीत.

गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर अडाणी समजला जाणारा शेतकरीदेखील प्रथम विचारतो, "कांडी चांगली होती ना?" त्याचा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. परंतु त्याच घरातील सुनेला तीन वर्षे मूल झाले नाही, तर हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. तिला गंडेदोरे होतात, नवस होतात, शेवटी दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. मुलाची तपासणी करावी असे म्हणणारा घरात क्वचितच निघतो. ही गोष्ट केवळ अशिक्षितांच्या घरात घडते असेही नाही. म्हणून प्राणिशास्त्राच्या वर्गात जो विषय आपण भराभर उरकतो, त्याचा येथे थोडा सविस्तर विचार करू. शुक्रजंतू पोहतो कसा, त्याला चालना कोण देते आणि त्याला थांबवते कोण, हा तो विषय.

वीर्य म्हणजे काय?

शुक्रजंतू प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी फान लेव्हेनहूक याने, १६७७ साली. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्याला शेपटीवाले असंख्य जीव वळवळताना दिसले. त्यानंतर दीर्घकाळ लोकांचे लक्ष त्या जीवांकडेच लागून राहिले. ते ज्या द्रवात पोहतात तो द्रव म्हणजे नुसते वाहन, अशी समजूत होती. ती समजूत चुकीची होती.

पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा घनफळाने शेकडा पाचाहूनही कमी असतो. बाकीचा सारा द्रव निरनिराळ्या ग्रंथींतून येतो. त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शुक्राशयांतून, सुमारे एक चतुर्थांश अष्ठीला ग्रंथीतून आणि उरलेला थोडासा अधिवृषण व इतर लहान ग्रंथींतून. या द्रवात पाणी तर मुख्य आहेच, पण त्याशिवाय फ्रुक्टोज साखर, सायट्रिक आम्ल, जस्त, कॅल्शियम, बायकार्बोनेट, निरनिराळी प्रथिने, एंझाइमे, प्रोस्टाग्लँडिने आणि अनेक संप्रेरके असतात.

येथेच एका जुन्या भ्रमाचा निकाल लावून टाकू. रक्ताच्या इतक्या थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, तो गेला की शक्ती गेली, असे सांगून रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेले 'वैद्य' कॉलेजच्या मुलांना भिवडवतात व पुड्या विकतात. वर दिलेली यादी पाहिली तर या म्हणण्यात काही तथ्य नाही हे सहज कळते. वीर्य हा लाळेसारखाच ग्रंथींचा स्राव आहे. तो पुन्हा पुन्हा तयार होतो. शुक्रजंतूही वृषणांत अहोरात्र तयार होत असतात. एका शुक्रजंतूला पूर्ण घडायला सुमारे अडीच महिने लागतात, पण हे काम कोट्यवधी जागी एकाच वेळी चालू असते. तेव्हा भीतीचे कारण नाही आणि पुड्यांचेही नाही.

यंत्र तयार, पण बंद

माणसाचा शुक्रजंतू डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका लांब असतो. डोक्यात पित्याकडची आनुवंशिक सामग्री, मानेमागच्या भागात शक्ती निर्माण करणाऱ्या कलकणिका आणि मागे लांब शेपटी. शेपटीच्या गाभ्यात मध्ये दोन आणि भोवती नऊ जोड्या, अशा रीतीने सूक्ष्म नलिका रचलेल्या असतात. या नलिका एकमेकींवरून सरकल्या की शेपटी वाकते. त्यांना सरकवणाऱ्या प्रथिनाला डायनीन म्हणतात. १९६५ साली इयान गिबन्स या शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. डायनीनला इंधन लागते ते ए.टी.पी.चे.

गंमत अशी की, हे सारे यंत्र वृषणात तयार झाले तरी चालत नाही. वृषणातून निघालेला शुक्रजंतू जवळजवळ निश्चल असतो. पुढे अधिवृषणाच्या वळणावळणाच्या नळीतून जाताना त्याच्या अंगी पोहण्याची क्षमता येते. पण तेथेही त्याला झोपवूनच ठेवलेले असते. तेथील द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेट फार थोडे असते. इंजिन जुळवलेले, टाकीत तेल आहे, पण किल्ली फिरवलेली नाही, अशी ही अवस्था असते. आणि हे शहाणपणाचेच आहे. दिवसचे दिवस साठवून ठेवायच्या जीवाने विनाकारण शेपटी हलवत राहून इंधन संपवून उपयोग काय?

मग किल्ली कोण फिरवते? स्खलनाच्या वेळी शुक्रजंतू शुक्राशय व अष्ठीला यांच्या स्रावांत मिसळतात. या मिश्रणात बायकार्बोनेट भरपूर असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्यात असते तेच हे बायकार्बोनेट. १९८५ साली जपानमधील ओकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वीर्यातील हे बायकार्बोनेटच शुक्रजंतूच्या आत शिरून ॲडेनिल सायक्लेज नावाच्या एंझाइमाला जागे करते. ते जागे झाले की चक्रीय ए.एम.पी. नावाचा निरोप्या तयार होतो. तो पुढच्या एंझाइमांना कामाला लावतो आणि शेपटी वल्हवू लागते. पुढे ज्या उंदरांत हे एंझाइम बनत नाही अशी जात तयार करण्यात आली, तेव्हा त्या नरांचे शुक्रजंतू संख्येने भरपूर पण पोहण्यात पांगळे निघाले आणि ते नर वांझ ठरले. संख्या आणि चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. (वाचकांपैकी कोणी सोडा खाऊन पाहण्याच्या फंदात पडू नये. रक्तातील बायकार्बोनेट शरीर स्वतःच नियंत्रणात ठेवते.)

शिदोरी आणि तिची किल्ली

चालायला शिदोरी हवी. ती फ्रुक्टोजच्या रूपाने शुक्राशय पुरवतात. रक्तात साखर असते ती ग्लुकोज. वीर्यातील मुख्य साखर मात्र फळांत असते ती फ्रुक्टोज, हे केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी १९४६ साली सिद्ध केले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. प्राण्याचे वृषण काढून टाकले तर ही साखर नाहीशी होते आणि टेस्टोस्टेरॉन हे नरसंप्रेरक दिले तर परत येते. याचा अर्थ, शुक्रजंतूंना घडवणारे संप्रेरकच त्यांच्या वाटखर्चाचीही सोय करते.

डॉक्टरांना याचा रोजच्या कामात उपयोग होतो. वीर्यात शुक्रजंतू मुळीच नाहीत आणि फ्रुक्टोजही नाही, असे आढळले तर शुक्राशय जन्मतःच नाहीत किंवा मार्ग बंद आहे, असा कयास बांधता येतो. आणि गोपालमित्राच्या कांडीशीही याचा संबंध आहे. वळूचे रेत ज्या द्रवात पातळ करतात त्यात अंड्याचा पिवळा बलक, ग्लिसरॉल आणि बऱ्याचदा फ्रुक्टोज घातलेले असते. बलक थंडीच्या धक्क्यापासून वाचवतो, ग्लिसरॉल गोठताना पेशी फुटू देत नाही, आणि फ्रुक्टोज ही शिदोरी. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना आढळला. भारतात मात्र कृत्रिम रेतनाची सुरुवात त्याआधीच झाली होती. १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर डॉ. संपत कुमारन यांनी ती केली. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना याचा अभिमान वाटावा.

गोठणे आणि सुटणे

वीर्य बाहेर पडताच दह्यासारखे घट्ट होते आणि सुमारे पंधरा ते तीस मिनिटांत पुन्हा पातळ होते, ही गोष्ट वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यामागचा डाव अलीकडे उलगडला. शुक्राशयांतून येणारे सेमेनोजेलिन नावाचे प्रथिन हे जाळे विणते. त्या जाळ्यात शुक्रजंतू अडकून पडतात. एवढेच नव्हे, तर या प्रथिनापासूनच शुक्रजंतूंची हालचाल रोखणारा पदार्थ बनतो, असे कॅनडातील माँट्रिअल येथे क्लोद गान्यों यांच्या गटाने दाखवले. मग अष्ठीला ग्रंथीतून आलेले एक एंझाइम या जाळ्याचे तुकडे करते. तेव्हा शुक्रजंतू सुटतात. हे एंझाइम म्हणजेच पी.एस.ए. म्हाताऱ्या माणसांच्या अष्ठीला ग्रंथीची शंका आली की रक्तात ज्याची तपासणी करतात तेच.

अष्ठीलेच्या स्रावात जस्तही विपुल असते. जस्ताचे काम दुहेरी आहे. ते डोक्यातील आनुवंशिक धागे घट्ट बांधून ठेवते आणि शुक्रजंतूच्या आवरणातील एक विशिष्ट दार बंद ठेवते. या दारातून आतील आम्लता बाहेर टाकली जाते. शुक्रजंतू जसजसा स्त्रीच्या शरीरात वर सरकतो तसतसे जस्त विरळ होते, दार उघडते, आतील आम्लता कमी होते आणि शेपटी अधिक जोराने हलू लागते. हे दार माणसाच्या शुक्रजंतूत कसे काम करते ते २०१० साली स्पष्ट झाले. म्हणजे वीर्य जसे शुक्रजंतूला जागे करते तसे त्याला आवरूनही धरते. 'आता चल' आणि 'अजून थांब' हे दोन्ही हुकूम एकाच द्रवात आहेत.

परळच्या प्रयोगशाळेत

या विषयात मुंबईने केलेले काम आपल्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५४ साली मुंबईत संततिनियमनाची साधने तपासणारा एक विभाग सुरू केला. १९७० साली त्याचे परळ येथील 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन' या संस्थेत रूपांतर झाले. पुढे २००३ साली तिचे नाव बदलले आणि ती प्रजननस्वास्थ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था बनली.

या संस्थेतील डॉ. ए. आर. शेठ, जी. व्ही. शहा, डॉ. शांता राव आदींनी १९७५ साली मानवी वीर्यात प्रोलॅक्टिन असल्याचे प्रसिद्ध केले. प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे संप्रेरक. बाळंतिणीला दूध येते ते याच्यामुळे. मग पुरुषाच्या वीर्यात त्याचे काय काम? या गटाने शुक्रजंतू घेऊन त्यांवर प्रोलॅक्टिनचा परिणाम पाहिला. शुक्रजंतूंच्या चयापचयावर, म्हणजे साखर वापरून शक्ती निर्माण करण्याच्या क्रियेवर, आणि वर सांगितलेल्या ॲडेनिल सायक्लेज या एंझाइमावर त्याचा परिणाम होतो, असे त्यांच्या १९७५-७६ मधील निबंधांत आले. रक्तातून दूरच्या अवयवाला निरोप नेणारे संप्रेरक वीर्यातून थेट शुक्रजंतूशीच बोलत असावे, ही कल्पना त्या काळी नवीन होती.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण विज्ञान पहिल्या उत्तरावर थांबत नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियातील एका गटाने प्रोलॅक्टिनचे काम पुन्हा तपासले. त्यांना असे आढळले की, प्रोलॅक्टिन शुक्रजंतूला अकाली मृत्यूपासून वाचवते आणि त्याची चाल अधिक काळ टिकवते, परंतु फलनासाठी लागणारी अंतिम तयारी मात्र लांबवते. म्हणजे ते चाबूक मारणारे द्रव्य नसून जपून ठेवणारे द्रव्य आहे. मुंबईच्या संशोधकांनी योग्य दारावर थाप मारली होती. दारामागे काय आहे ते पूर्ण दिसायला पस्तीस वर्षे लागली. येथे एक सावधगिरीची गोष्टही ध्यानात घ्यावी. हेच प्रोलॅक्टिन रक्तात प्रमाणाबाहेर वाढले तर टेस्टोस्टेरॉन घटते आणि वंध्यत्व येऊ शकते. संप्रेरक 'चांगले' की 'वाईट' हे त्याच्या नावावरून ठरत नाही. ते कोठे, किती आणि केव्हा आहे यावर ठरते.

याच संस्थेच्या नावावर आणखी एक बोधप्रद प्रकरण आहे. शेठ यांनी मानवी वीर्यातून एक प्रथिन वेगळे केले. पोष ग्रंथीतील एका संप्रेरकाचा स्राव ते रोखते असे दिसल्याने त्याला 'इनहिबिन'च्या वर्गात घातले गेले. १९८४ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्याची ९४ अमिनो आम्लांची साखळी वाचण्यात आली. पुढे असे ठरले की, खरे इनहिबिन वेगळेच असून हे अष्ठीला ग्रंथीचे एक विपुल प्रथिन आहे. नाव चुकले, पण प्रथिन खरे होते. अष्ठीलेच्या कर्करोगाच्या अभ्यासात ते पुढेही कामास आले.

शेवटचा टप्पा

स्त्रीच्या शरीरात पोहोचल्यावरही प्रवास सोपा नसतो. योनिमार्ग आम्लधर्मी असतो. वीर्य किंचित अल्कधर्मी असल्यामुळे ते ही आम्लता काही काळ मारते आणि तेवढ्या वेळात शुक्रजंतूंनी गर्भाशयमुखातील चिकट स्रावात शिरायचे असते. कोट्यवधींतून बीजवाहिनीपर्यंत पोहोचतात ते फार थोडे.

तेथे पोहोचलेला ताजा शुक्रजंतूही अंड्यात लगेच शिरू शकत नाही. काही तास स्त्रीच्या शरीरात राहिल्यावरच ती पात्रता त्याला येते, हे १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवले. चँग यांनी १९५७ साली आणखी एक प्रयोग केला. पात्र झालेले शुक्रजंतू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले तर त्यांची पात्रता निघून जाते! म्हणजे वीर्यद्रव हा प्रवासाच्या आरंभीचा सोबती. मुक्काम जवळ आला की त्याला मागे टाकलेच पाहिजे. परळमधील हीच संस्था आणि शेजारचे के.ई.एम. रुग्णालय यांच्या सहकार्यातून डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी 'टेस्ट ट्यूब' बालिका जन्मली. अशा उपचारातही शुक्रजंतू प्रथम वीर्यद्रवातून धुऊन वेगळे करावे लागतात, त्याचे कारण हेच. (त्याआधी, १९७८ साली, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले होते. पण त्यांच्या हयातीत त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, ही आपल्या विज्ञानाच्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे.)

पात्र झालेल्या शुक्रजंतूची चालच बदलते. आधी तो सरळ, लयीत पोहत असतो. आता शेपटी एका बाजूला चाबकासारखी जोरात फटकारू लागते. बीजवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले अंग सोडवायला आणि अंड्याचे कवच भेदायला ही चाल लागते. ती सुरू होते कॅल्शियम आत शिरल्यामुळे. कॅल्शियमचे हे दार फक्त शुक्रजंतूच्या शेपटीतच असते. त्याचा शोध २००१ साली लागला व त्याला कॅटस्पर असे नाव मिळाले. २०११ साली दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, माणसात हे दार उघडण्याचे काम प्रोजेस्टेरॉन करते. हे स्त्रीसंप्रेरक अंड्याभोवतीच्या पेशींतून पाझरते. प्रोस्टाग्लँडिनेही हे दार उघडू शकतात.

प्रोस्टाग्लँडिनांचा शोधच मुळी वीर्यात लागला. १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात स्नायू आकसवणारे व रक्तदाब उतरवणारे द्रव्य आढळले. ते अष्ठीला ग्रंथीतून, म्हणजे 'प्रोस्टेट'मधून, येते असे वाटून त्यांनी हे नाव दिले. प्रत्यक्षात ते मुख्यतः शुक्राशयांतून येते. येथेही नाव चुकले, द्रव्य मात्र इतके महत्त्वाचे निघाले की त्यावरील संशोधनाला १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कापसातील एक द्रव्य

आतापर्यंत चालना देणाऱ्या द्रव्यांचा विचार झाला. चाल थांबवणारे एक नैसर्गिक द्रव्य तर आपल्या शेतातच आहे. पैनगंगेच्या अलीकडे आपला जिल्हा व किनवट, पलीकडे यवतमाळ, हा सारा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. (किनवट व राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते.) कापसाच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. किडींपासून झाडाचे रक्षण करणे हे त्याचे काम.

चीनमध्ये १९५० च्या दशकात काही खेड्यांत लोक सरकीचे कच्चे, न शुद्ध केलेले तेल खाऊ लागले आणि तेथे मुले होणे थांबले. शोध घेता घेता बोट गॉसिपॉलकडे गेले. त्यानंतर आठ हजारांहून अधिक पुरुषांवर ते संततिनियमनाची गोळी म्हणून तपासण्यात आले. शुक्रजंतूंची चाल प्रथम मंदावे, मग संख्या घटे. शुक्रजंतूंत शक्तीसाठी लागणारे एक खास एंझाइम गॉसिपॉल निकामी करते, हे त्यामागचे एक कारण समजले जाते. परंतु काही जणांच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक रीतीने उतरले आणि काहींना गोळी बंद केल्यावरही शुक्रजंतू परत आले नाहीत. म्हणून हा मार्ग सोडून द्यावा लागला.

आपण यातून घ्यायचे ते एवढेच. बाजारातील शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात हे द्रव्य काढून टाकलेले असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण पैदाशीच्या वळूला सरकी व तिची ढेप भरमसाट घालू नये. गाईम्हशींच्या कोठ्यात हे विष बरेचसे बांधले जात असले तरी अशा वळूंच्या शुक्रजंतूंच्या मधल्या भागात दोष व चालीत मंदपणा आढळलेला आहे. गॉसिपॉल अपयशी ठरले तरी त्यामागची कल्पना मेली नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी वर सांगितलेल्या, बायकार्बोनेटने जागे होणाऱ्या एंझाइमालाच काही तास झोपवणारे औषध उंदरांवर तपासले. शुक्रजंतू थांबले आणि औषधाचा अंमल उतरताच पुन्हा पोहू लागले. माणसासाठी अशी गोळी अजून तयार झालेली नाही, पण पुरुषानेही संततिनियमनाचा भार उचलावा अशी सोय होण्याची आशा त्यातून वाटते.

तपासणी आणि आपण

वीर्याची तपासणी ही साधी, वेदनारहित आणि स्वस्त तपासणी आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना घेतात, तो पातळ झाल्यावर तासाभरात पाहतात. किती घनफळ, किती संख्या आणि किती टक्के शुक्रजंतू पुढे सरकतात, हे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांतील ३० टक्के पुढे सरकणारे, ही खालची रेघ धरतात. रेघेखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, आणि वर आला म्हणजे होईलच असेही नव्हे. एका नमुन्यावर निर्णयही करीत नाहीत. ताप येऊन गेला असेल तर अडीच-तीन महिन्यांनी चित्र वेगळे दिसते, कारण तोवर शुक्रजंतूंची नवी पिढी आलेली असते.

तरुण मित्रांना एक इशारा. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी जी नरसंप्रेरकाची इंजेक्शने व गोळ्या गुपचूप विकल्या जातात, त्यांनी पुरुषत्व वाढते अशी समजूत आहे. वस्तुतः बाहेरून संप्रेरक आले की पोष ग्रंथी वृषणांना हुकूम देणे थांबवते आणि शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडू लागते. दंड फुगतात, वृषण मात्र आक्रसतात. तंबाखू आणि अति उष्णताही चालीला मारक आहेत. उलट, 'चाल वाढवणारे' म्हणून जाहिरात केलेल्या चूर्णांच्या मागे लागण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधणे केव्हाही बरे. फुगलेल्या नसा, जंतुसंसर्ग, संप्रेरकांतील बिघाड, बंद मार्ग यांपैकी काही कारणे दुरुस्त करता येतात.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा एकट्याने किंवा जोडीने वाटा असतो. असे असताना 'वांझ' हा शब्द आपल्या बोलीत बहुधा स्त्रीलाच चिकटतो. पुरुषाला तो लावताना जीभ अडखळते. वास्तविक यात लाज वाटण्यासारखे दोघांनाही काही नाही. शुक्रजंतूची चाल ही मर्दपणाची खूण नसून बायकार्बोनेट, जस्त, साखर आणि संप्रेरके यांच्या मेळाचे फळ आहे. तो मेळ बिघडला तर तो आजार आहे, अपराध नव्हे.

जो शेतकरी गाय उलटल्यावर कांडीची चौकशी करतो, त्याच्याजवळ शास्त्राची पहिली पायरी आहे. तोच प्रश्न घरच्या माजघरात विचारण्याचे धैर्य शिकलेल्या मुलांनी दाखवावे. सुनेला दवाखान्यात नेण्याआधी, निदान तिच्याबरोबर, मुलानेही जावे. या लेखाचा एवढा उपयोग एका घराला झाला तरी प्राणिशास्त्राचा तास वाया गेला नाही असे मी समजेन.